वर्षातून एकदाच : नाताळ आणि छोटा पडदा

नाताळ म्हटले की सजवलेले झाड, मध्यरात्रीची प्रार्थना, केक आणि भेटवस्तू एवढे चटकन डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत आणि युरोपातील अनेक देशांत मात्र गेल्या सत्तर वर्षांत या यादीत आणखी एक गोष्ट येऊन बसली आहे. ती म्हणजे दूरचित्रवाणी. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेला कार्यक्रम सहकुटुंब पाहणे हा तेथे सणाचाच भाग झाला. आजोबांनी लहानपणी पाहिलेला पंचवीस मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट नातवंडांना मांडीवर घेऊन पुन्हा पाहायचा, संवाद तोंडपाठ असले तरी पाहायचा, असा हा रिवाज.

यातील बहुतेक रिवाज कोणी परंपरा म्हणून सुरू केलेच नव्हते. कोणाला विजेची उपकरणे खपवायची होती, कोणाला शीतपेय. एका चित्रपटाच्या बाबतीत तर हक्कांच्या नूतनीकरणाचा अर्ज करायचेच राहून गेले होते. व्यापाराच्या पोटी जन्मलेले हे कार्यक्रम लोकांनी आपलेसे केले. त्यामुळेच २०२० मध्ये त्यांतील सर्वांत लाडका कार्यक्रम मोफत वाहिन्यांवरून उचलला गेला, तेव्हा प्रेक्षकांना घरातली वस्तू कोणी न विचारता नेल्यासारखे वाटले.

सुरुवात एका ऑपेराने

नाताळच्या विशेष कार्यक्रमांच्या इतिहासातील पहिली ठळक तारीख २४ डिसेंबर १९५१ ही होय. त्या रात्री अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा ऑपेरा न्यूयॉर्कमधील आपल्या स्टुडिओतून थेट प्रक्षेपित केला. खास दूरचित्रवाणीसाठी रचलेला हा अमेरिकेतील पहिला ऑपेरा. संगीतकार होते इटलीत जन्मलेले जान कार्लो मेनोत्ती. वाहिनीने काम सोपवले, पण विषय काही सुचेना. अखेर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हिएरोनिमस बॉश या चित्रकाराचे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे चित्र पाहताना त्यांना कथा सापडली. कुबडी घेऊन चालणारा एक गरीब मुलगा, त्याची आई आणि वाटेत त्यांच्या झोपडीत एक रात्र मुक्कामाला उतरलेले ते तीन राजे, एवढीच गोष्ट. देण्यासारखे दुसरे काही नसल्याने मुलगा आपली कुबडीच बाळाला भेट देऊ करतो.

कार्यक्रमाची प्रायोजक होती शुभेच्छापत्रे छापणारी हॉलमार्क कंपनी. नाताळच्या आदल्या रात्री शुभेच्छापत्रे विकत घेण्यास कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. पण कंपनीला त्या रात्रीचा खप नको होता, नाव हवे होते. ते मिळाले. एनबीसीने १९६६ पर्यंत हा ऑपेरा नाताळात पुनःपुन्हा दाखवला. त्या रात्रीपासून सुरू झालेली हॉलमार्कची नाट्यमालिका पुढे अनेक दशके चालली.

प्रायोजकांचे दशक

साठच्या दशकात अमेरिकन घरांत तीनच मोठ्या वाहिन्या दिसत. घरी कार्यक्रम टिपून ठेवण्याचे यंत्र नव्हते. एखादा कार्यक्रम चुकला तर पुढच्या डिसेंबरची वाट पाहण्यावाचून इलाज नसे. आज ज्यांना ‘अभिजात’ म्हटले जाते ते जवळजवळ सारे कार्यक्रम याच काळातले, हा योगायोग नव्हे. डिसेंबर १९६२ मध्ये डिकन्सच्या नाताळकथेवर बेतलेला ‘मिस्टर मगूज ख्रिसमस कॅरोल’ हा पहिला खास अ‍ॅनिमेशनपट दाखवला गेला आणि वाट खुली झाली.

दोनच वर्षांनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ आला. लाल नाकाच्या या हरणाचा जन्मच मुळी दुकानदारीतला. शिकागोच्या माँटगोमरी वॉर्ड या दुकानसाखळीने १९३९ मध्ये गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटण्यासाठी एक पुस्तिका काढायचे ठरवले. ती लिहिण्याचे काम जाहिरात विभागातील रॉबर्ट मे या कर्मचाऱ्याकडे आले. त्याच वर्षी त्यांची पत्नी कर्करोगाने वारली. नाकामुळे सर्वांनी हिणवलेल्या आणि अखेर त्याच नाकामुळे कामी आलेल्या हरणाची ती गोष्ट त्या पहिल्याच नाताळात चोवीस लाख घरांत पोहोचली. १९४९ मध्ये जॉनी मार्क्स यांनी त्यावर गाणे रचले आणि जीन ऑट्री यांनी ते गायले. दूरचित्रवाणीवर गोष्ट आली ती जनरल इलेक्ट्रिकच्या पैशांवर. कार्यक्रमातली बुटकी पात्रेच मधल्या जाहिरातींत कंपनीची घरगुती उपकरणे विकत असत.

बाहुल्या एकेक चौकट हलवून चित्रित केलेला हा पट प्रत्यक्षात तयार झाला जपानमध्ये, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. श्रेयनामावलीत रोमन आकड्यांत १९६४ ऐवजी चुकून ११६४ साल छापले गेले आणि ते तसेच राहिले. दुसरी चूक मात्र प्रेक्षकांनी राहू दिली नाही. कथेत मोडक्या-विचित्र, कोणालाच नको असलेल्या खेळण्यांचे एक बेट आहे. रुडॉल्फ त्यांना सोडवण्याचे वचन देतो. पण पहिल्या प्रक्षेपणात ती खेळणी बेटावरच राहून गेली. प्रेक्षकांच्या तक्रारींची पत्रे आली आणि १९६५ मध्ये सांताक्लॉज त्या खेळण्यांना घेऊन जातो असे नवे दृश्य जोडावे लागले. चित्रीकरणातील मूळ बाहुल्यांपैकी सांता आणि रुडॉल्फ या दोनच उरल्या. काही वर्षे त्या एका घरात नाताळच्या झाडाखाली साध्या खेळण्यांसारख्या मांडल्या जात. २०२० मधील लिलावात त्यांना ३ लाख ६८ हजार डॉलर मिळाले. आता त्या अटलांटा येथील बाहुलीकलेच्या संग्रहालयात आहेत.

चार्ली ब्राऊनचे रोपटे

या साऱ्यांत वेगळा, आणि बहुधा सर्वांत चांगला, कार्यक्रम म्हणजे ९ डिसेंबर १९६५ रोजी सीबीएसवर दाखवला गेलेला ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही व्यंगचित्रमालिका तोवर वृत्तपत्रांत कमालीची लोकप्रिय झाली होती. निर्माते ली मेंडेल्सन यांनी शुल्झ यांच्यावर एक माहितीपट केला होता, पण तो कोणीच विकत घेतला नव्हता. अशात कोका-कोलाच्या जाहिरात संस्थेने त्यांना नाताळच्या कार्यक्रमाविषयी विचारले. मेंडेल्सन यांनी आधी होकार देऊन टाकला आणि मग शुल्झ यांना दूरध्वनी करून कळवले, की तुम्हाला उद्या एक नाताळकथा लिहायची आहे. कथेचा आराखडा एका दिवसात झाला. पुढचे सारे काम दिग्दर्शक बिल मेलेंडेझ यांनी सुमारे सहा महिन्यांत उरकले.

कथा म्हणाल तर फारशी नाहीच. सणाचा बाजार झालेला पाहून चार्ली ब्राऊन खिन्न आहे. त्याचा कुत्रासुद्धा रोषणाईच्या स्पर्धेत बक्षीस मिळावे म्हणून आपले घरकुल सजवतो आहे. नाटकासाठी झगमगीत अ‍ॅल्युमिनियमचे झाड आणायला मित्र त्याला पाठवतात आणि तो एक मरतुकडे, खरे रोपटे घेऊन येतो. सगळे हसतात. तेव्हा लायनस नावाचा त्याचा मित्र रंगमंचाच्या मध्यभागी जाऊन, ल्यूकच्या शुभवर्तमानातील येशूजन्माचा उतारा शांतपणे म्हणून दाखवतो.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पाहता या कार्यक्रमात सगळेच चुकीचे होते. विनोदी कार्यक्रमांना पार्श्वभागी हास्याचा ध्वनी जोडला जाई. शुल्झ यांनी तो ठाम नाकारला. मुलांचे आवाज मोठ्या कलाकारांनी काढायचे सोडून खऱ्या मुलांनी दिले. त्यांतल्या काहींना वाचताही येत नसल्याने एकेक वाक्य सांगून बोलून घ्यावे लागले. संगीत होते विन्स ग्वाराल्डी यांचे जॅझ. बायबलच्या उताऱ्याबद्दल तर मेंडेल्सन आणि मेलेंडेझ या दोघांनाही धास्ती होती. शुल्झ यांचे म्हणणे एवढेच, की आपण नाही घेतला तर दुसरे कोण घेणार? वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी पट पाहिला आणि नापसंती दाखवली. संथ आहे, म्हणाले. पण कार्यक्रमाची घोषणा आधीच होऊन गेली होती, म्हणून तो दाखवला गेला.

त्या रात्री सुरू असलेल्या दूरचित्रवाणी संचांपैकी जवळजवळ निम्म्या संचांवर हाच कार्यक्रम होता. पुढे त्याला एमी आणि पीबॉडी हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. अ‍ॅल्युमिनियमच्या झाडांची लोकप्रियता पुढील काही वर्षांत ओसरली. त्याचे श्रेयही अनेक जण याच कार्यक्रमाला देतात. नाताळच्या बाजारूपणाविरुद्धची ही तक्रार एका शीतपेय कंपनीच्या पैशांतून केली गेली होती, हे सहसा कोणी आठवत नाही. मूळ पटात त्या कंपनीचे नाव झळकत असे. पुढच्या वर्षांत तो भाग कापला गेला आणि तक्रार तेवढी शिल्लक राहिली. मेंडेल्सन यांचे निधन २०१९ मध्ये झाले, तेही २५ डिसेंबर रोजी.

असाच विरोधाभास ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ (१८ डिसेंबर १९६६) या पटाचा. डॉ. स्यूस यांच्या १९५७ च्या पुस्तकावरून चक जोन्स यांनी तो केला. भयपटांचे नट बोरिस कार्लोफ यांनी निवेदन केले. भेटवस्तू, झाडे, मेजवान्या सारे चोरून नेले तरी नाताळ येतोच, हे या कथेचे सार. प्रायोजक कोण? व्यापारी बँकांची संघटना! पुस्तकातला ग्रिंच कृष्णधवल होता. त्याचा हिरवा रंग ही या पटाचीच देणगी. ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’ (१९६९) आणि त्याच धर्तीचे पुढचे पट बच्चेकंपनीला आवडले खरे, पण त्यांत पहिल्या तिघांची धार नाही. १९७८ मध्ये सीबीएसने ‘स्टार वॉर्स’च्या पात्रांना घेऊन काढलेला सणाचा कार्यक्रम तर इतका फसला, की तो पुन्हा कधीच दाखवला गेला नाही.

विसरलेला अर्ज

फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपट १९४६ चा. कर्जाच्या आणि बदनामीच्या भीतीने नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला निघालेल्या एका भल्या माणसाला, तू नसतास तर गावाचे काय झाले असते, हे एक देवदूत दाखवून देतो. जेम्स स्ट्युअर्ट यांची भूमिका गाजली, ऑस्करची पाच नामांकने मिळाली, तरी तिकीटखिडकीवर चित्रपटाने निराशाच केली. सावकारी करणाऱ्या बँकरला खलनायक केल्यामुळे त्यात साम्यवादी प्रचाराचा वास असल्याची नोंद एफबीआयच्या कागदपत्रांत झाली होती, हा आणखी एक मजेशीर तपशील.

तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे अठ्ठावीस वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. १९७४ मध्ये ते झालेच नाही. झाले! देशभरातील लहानमोठ्या केंद्रांना एक उत्तम चित्रपट फुकट मिळाला. डिसेंबरात दिवसातून अनेकदा, या नाही तर त्या वाहिनीवर तो लागू लागला. चित्रपटगृहाने ज्याला नाकारले होते तो वीस वर्षांत घराघरांतला चित्रपट झाला. मग त्याचे मोलही वाढले. मूळ लघुकथेचे आणि संगीताचे हक्क आपल्याकडे असल्याच्या आधारे रिपब्लिक पिक्चर्सने १९९३ मध्ये मोफत प्रक्षेपणे थांबवली. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या एका निकालाचा आधार मिळाला. तो खटला ‘रिअर विंडो’ या दुसऱ्याच चित्रपटाविषयी होता आणि त्यातील एक पक्षकार खुद्द जेम्स स्ट्युअर्ट होते. १९९४ पासून हा चित्रपट एनबीसी या एकाच वाहिनीकडे गेला.

जळणारा ओंडका

पडद्यावर काही घडतच नाही असाही एक लोकप्रिय कार्यक्रम आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स केंद्राचे प्रमुख फ्रेड थ्रोअर यांच्या मनात आले, की शहरातील सदनिकांत शेकोटीच नाही, त्या लोकांना निदान ती पाहू द्यावी. शिवाय त्या रात्री केंद्रातील कर्मचाऱ्यांना घरी जाता यावे. महापौरांच्या निवासस्थानातील शेकोटीचे चित्रण झाले. ठिणगी उडून तेथील गालिचा जळाला. २४ डिसेंबर १९६६ रोजी सुमारे तीन तास, एकही जाहिरात न घेता, केवळ जळणारा ओंडका आणि नाताळची गीते. मूळ चित्रण अवघ्या सतरा सेकंदांचे होते, तेच फिरून फिरून दिसे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात नवे चित्रण करण्यात आले. जाहिराती सोडण्याचा तोटा परवडेना म्हणून १९९० मध्ये हा कार्यक्रम बंद पडला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या पहिल्या नाताळात तो परत आणला गेला. त्या डिसेंबरात न्यूयॉर्ककरांना आणखी काही पाहायचे नव्हते.

तीन वाजताचे भाषण

ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक वाहतूक जवळजवळ पूर्ण बंद असते. दुपारचे जेवण झाले की कुटुंब घरातच अडकलेले, आणि त्यामुळे वर्षातील सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग त्या दिवशी आयता मिळतो. तीन वाजता राजा किंवा राणीचा संदेश. पाचवे जॉर्ज यांनी १९३२ मध्ये तो रेडिओवरून सुरू केला. त्या भाषणाचा मसुदा मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांचा. दूरचित्रवाणीवर तो १९५७ मध्ये आला. राणी एलिझाबेथ यांनी सँड्रिंगहॅम येथून थेट भाषण केले. १९६९ मध्ये मात्र तो पडद्यावर आला नाही. त्या वर्षी राजघराण्यावरचा माहितीपट नुकताच दाखवला गेल्याने राणींनी लेखी संदेशावर भागवले. २०२२ पासून हे भाषण राजे चार्ल्स करीत आहेत.

संदेशानंतरचा दिवस विनोदी जोड्यांचा आणि मालिकांचा. मोरकम आणि वाइज या जोडीचा १९७७ चा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाचा नाताळचा जोडअंक घरी आणून त्यात पाहायच्या कार्यक्रमांभोवती पेनाने गोल काढणे हा तेथील अनेक घरांतला विधीच. आपल्याकडे दिवाळी अंकांवर घरात ओढाताण होते, तशीच त्या अंकावर होते. २६ डिसेंबर १९८२ रोजी चॅनेल फोरने ‘द स्नोमॅन’ दाखवला. रेमंड ब्रिग्ज यांच्या पुस्तकात नाताळ नव्हताच. सांताची भेट पटकर्त्यांनी घातली. जवळजवळ निःशब्द असलेला हा पट, सकाळी वितळून गेलेल्या हिममानवापाशी बसलेल्या मुलाच्या दृश्यावर संपतो. लहान मुलांना सणाच्या दिवशी मृत्यूची ओळख करून देणारा हा पट इतका लाडका व्हावा, याचे आजही नवल वाटते. ही सवय अजून मोडलेली नाही. २०२४ च्या नाताळात ‘गॅव्हिन अँड स्टेसी’चा शेवटचा भाग त्याच रात्री १ कोटी २० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला.

स्वीडनचा डोनाल्ड डक

स्वीडनमध्ये २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता सारा देश डोनाल्ड डक पाहतो. मूळ कार्यक्रम डिस्नेचा, १९५८ चा अमेरिकन. अमेरिकेत तो केव्हाच मागे पडला. स्वीडनमध्ये सरकारी वाहिनीवर जाहिराती नसत आणि डिस्नेची कार्टून क्वचितच दिसत. त्यामुळे वर्षातून एकदा येणारा हा तास मुलांच्या मनात घर करून बसला. सत्तरच्या दशकात हा अमेरिकन माल बंद करावा असा विचार वाहिनीत झाला, पण जनक्षोभापुढे तो सोडून द्यावा लागला. बेंग्ट फेल्डराइख यांचे निवेदन साठच्या दशकातले. २०१९ मध्ये ते वारले, तरी आवाज त्यांचाच आहे. २०१२ मध्ये डिस्नेने कृष्णवर्णीय बाहुलीचे आक्षेपार्ह चित्रण असलेली काही सेकंदांची दृश्ये कापली, तेव्हाही मोठा वाद झाला. आक्षेप योग्यच होता. पण एवढी लहानशी काटछाटही सर्वांच्या ध्यानात आली, यावरून हा कार्यक्रम किती बारकाईने पाहिला जातो ते समजते.

इटलीत नाताळच्या आदल्या रात्री ‘ट्रेडिंग प्लेसेस’ हा अमेरिकन विनोदी चित्रपट लागतो. पोलंडमध्ये ‘होम अलोन’. २०१० मध्ये पोलिश वाहिनीने तो वगळण्याचे सूतोवाच करताच प्रेक्षकांनी फेसबुकवर असा काही गिल्ला केला, की वाहिनीला निर्णय फिरवावा लागला.

संच आहे, कार्यक्रम नाही

केबल आली आणि वर्षातून एकदाचे दुर्भिक्ष संपले. टीएनटी या वाहिनीने १९९७ पासून ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा १९८३ चा चित्रपट सलग चोवीस तास, पुनःपुन्हा दाखवण्याचा प्रघात पाडला. ज्या हॉलमार्कने १९५१ मध्ये ऑपेरा दिला, तिच्याच नावाची वाहिनी आता दर हंगामात एकसारखे दिसणारे नवे प्रेमपट डझनावारी आणते. त्यांतले बरेचसे कॅनडात उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फ पसरून चित्रित होतात. हौस भागते. लक्षात मात्र फारसे राहत नाही.

‘चार्ली ब्राऊन’ २००० पर्यंत सीबीएसवर आणि पुढे एबीसीवर दरवर्षी लागत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचे हक्क अ‍ॅपलने आपल्या वर्गणीच्या सेवेसाठी घेतल्याचे जाहीर झाले. पंचावन्न वर्षांत प्रथमच तो खुल्या वाहिनीवर दिसणार नव्हता, आणि तोही महासाथीच्या वर्षी, जेव्हा कुटुंबे एकमेकांपासून दूर कोंडली गेली होती. गदारोळ झाला, स्वाक्षऱ्या गोळा झाल्या. कंपनीने पीबीएस या सार्वजनिक सेवेशी करार करून २०२० आणि २०२१ मध्ये प्रत्येकी एक प्रक्षेपण जाहिरातींविना होऊ दिले. ‘रुडॉल्फ’ १९७२ पासून सीबीएसवर होता. २०२४ मध्ये तो एनबीसीकडे परतला आणि खुल्या वाहिनीवर कायम राहिला. ‘चार्ली ब्राऊन’ला ते भाग्य लाभले नाही. २०२२ मध्ये पीबीएसवरील प्रक्षेपणही थांबले. त्याऐवजी डिसेंबरात मोजके दिवस तो अ‍ॅपलच्या सेवेवर वर्गणी न घेता दाखवला जाऊ लागला. त्यासाठी इंटरनेटची जोडणी आणि ती सेवा उघडता येईल असे उपकरण लागते. ज्या पिढीने तो १९६५ मध्ये छतावरच्या अँटेनाच्या जोरावर पाहिला, त्या पिढीतील अनेकांच्या घरी अजूनही फक्त अँटेनाच आहे.